चाक फिरवलं की करंट थांबतो का?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. बारावीला मी त्याला जीवशास्त्र शिकवलं होतं. पुढं तो इंजिनिअर झाला आणि आता एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे.

"सर, धा तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन हाय. कंपनीनं दोन तासांचं सेशन ठेवलंय, बाहेरून वक्ता येणाराय. पण मला काय ते पटंना. आमच्यात सीएनसीवर, म्हंजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक पोरगं हाय. तीन वर्षं एक नंबर काम केलं त्यानं. आता दोन महिने झाले, कुणाशी बोलत न्हाई, डबा हाय तसा घरी नेतोय. त्याला भाषण ऐकवून काय हुणार?"

त्या पोराला घरच्यांनी आधी देवऋष्याकडं नेलं होतं. कुणाला तरी बघवत नाही म्हणून करणी केलीय, असं निदान निघालं आणि लिंबू, नारळ, कोंबडं यात दीड महिना गेला. हे ऐकून मला वाईट वाटलं आणि रागही आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, मिरजेत शिकून डॉक्टर झालेले. अंगात येणं, बाधा, करणी यांच्यामागं बहुतेक वेळा मनाचं दुखणं असतं आणि त्याला औषध आहे, हे त्यांनी याच कृष्णाकाठी गावोगाव फिरून सांगितलं. त्यांचा खून होऊन दशक उलटून गेलं, तरी आजारी पोराला डॉक्टरच्या आधी देवऋषीच भेटतो.

पण राग धरून बसण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं होतं. साहेबाच्या हातात नेमकं काय असतं? यामागचं विज्ञान गेल्या पन्नास-साठ वर्षांत इतकं सुंदर उलगडलंय, की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ताण म्हणजे कामाचा बोजा, असं आपण धरून चालतो. साहेबाला जबाबदारी मोठी, म्हणून बीपी आणि हार्ट अटॅक साहेबाला, हा समज तर फारच जुना. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासानं तो मोडीत काढला. सुमारे १८ हजार पुरुष, सगळे पगारी, कचेरीत बसून काम करणारे. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात खालच्या श्रेणीत सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशोब वजा केला तरी फरक बराच उरत होता. पुढं १९८५ साली दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. 'तुमचं काम कसं करायचं हे ठरवण्यात तुमचा हात किती?' असा प्रश्न त्यात विचारलेला होता. ज्यांनी 'नाहीच' म्हटलं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत हृदयविकार जास्त आढळला. रॉबर्ट कारासेक या संशोधकानं १९७९ मध्येच हे सूत्र मांडलं होतं: नुसतं काम जास्त असेल तर माणूस दमतो; काम जास्त आणि त्यावर आपलं काहीच चालत नाही, असं असेल तर माणूस खचतो.

का खचतो? आता उंदरांकडं येऊ.

दोन उंदीर आहेत. दोघांच्या शेपटीला विजेचा झटका बसतो. पहिल्यापुढं एक छोटं चाक आहे. ते फिरवलं की करंट थांबतो. दुसऱ्यापुढंही तसंच चाक आहे, पण ते कशालाच जोडलेलं नाही. त्याचा झटका सुरू होतो आणि थांबतो तो पहिल्याच्या चाकावर. म्हणजे दोघांना बसलेला करंट सेकंदालाही कमीजास्त नाही. दुखणं तेवढंच. फरक एकच, एकाचं चाक चालतं, दुसऱ्याचं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांना वेगळ्या पेटीत ठेवतात. तिथं पलीकडच्या कप्प्यात उडी मारली की सुटका होते. पहिला थोड्या धडपडीनं शिकतो. दुसरा बऱ्याचदा जागेवरच बसून राहतो. अनोळखी उंदराशी मिसळत नाही, खाणं कमी करतो. (हे प्रयोग क्रूर आहेत, आणि वाचताना मलाही त्रास होतो.) स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी १९६७ मध्ये याच धर्तीचा प्रयोग कुत्र्यांवर केला होता. त्यांनी अर्थ लावला, की आपण काही केलं तरी उपयोग नाही, हे प्राणी शिकतो. 'शिकलेली हतबलता' हा शब्द तिथून आला आणि जगभर पसरला.

मग मायरनं पुढची कित्येक वर्षं उंदराच्या मेंदूत शिरून हे शोधलं, आणि उत्तर उलटं निघालं!

मेंदूच्या देठात, मधल्या रेषेवर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्याचं नाव डॉर्सल राफे. मेंदूत सेरोटोनिन पुरवणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी हे एक. 'सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन' असं आपण मोबाइलवर रोज वाचतो. इथं तसं नाही. त्रास लांबला, की हा पुंजका पेटतो आणि दोन ठिकाणी सेरोटोनिन सोडतो. एक ठिकाण अमिग्डाला. तिथं भीती आणि अस्वस्थता वाढते. दुसरं ठिकाण मेंदूच्या देठातलाच एक भाग, जो पळून जाण्याची हालचाल घडवतो; तिथं सेरोटोनिन पोचलं की पळण्याची क्रिया दबते. म्हणजे एकीकडं भीती वाढते आणि दुसरीकडं पाय थिजतात. आणि हा पुंजका एकदा असा पेटला, की काही दिवस हुळहुळा राहतो, बारीकशा कारणानंही पुन्हा भडकतो.

लक्षात घ्या, इथं काहीही 'शिकलं' गेलेलं नाही. त्रास लांबला की गप्प बसणं, ही मेंदूची मुळातली चाल आहे. मग चाकवाला उंदीर वाचतो कसा? त्याच्या कपाळामागच्या भागात, मेडिअल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, 'मी हे केलं आणि त्यामुळं ते थांबलं' या जोडीची नोंद होते. या कामात मेंदूच्या आतल्या स्ट्रायॅटम नावाच्या भागाचा एक तुकडा त्याच्या सोबत असतो. नोंद झाली की प्रीफ्रंटलमधून निघालेले लांब तंतू खाली डॉर्सल राफेपर्यंत जातात. ते सेरोटोनिनच्या पेशींना थेट हात लावत नाहीत. शेजारच्या गाबा नावाच्या रसायनावर चालणाऱ्या छोट्या पेशींना ते चेतवतात आणि त्या पेशी सेरोटोनिनवाल्यांचा ब्रेक दाबतात. थोडं गुंतागुंतीचं आहे, पण एवढं धरून ठेवा: त्रास आवरता येतोय ही खबर वरून खाली गेली, तर खालचा भडका शांत होतो.

हे खरं कशावरून? २००५ मध्ये मायरच्या प्रयोगशाळेनं चाकवाल्या उंदराचा प्रीफ्रंटल भाग औषध टोचून थोड्या वेळापुरता बंद केला. उंदीर चाक फिरवत होता, करंट थांबवतही होता, पण खबर खाली जात नव्हती. दुसऱ्या दिवशी तो हतबल उंदरासारखाच वागला. मग उलटं केलं: ज्याचं चाक चालतच नव्हतं, त्याचा तो भाग औषधानं चेतवला. तो उंदीर टिकला. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी, की ज्याला आधी कधीतरी चालणारं चाक मिळालं होतं, त्याला नंतर न चालणारं चाक दिलं तरी तो सहजी खचला नाही. तो ब्रेक एकदा बसला की टिकतो. २०१६ मध्ये मायर आणि सेलिगमन यांनी दोघांच्या नावानं लेख लिहून जाहीर केलं, की पन्नास वर्षांपूर्वी आपण हे उलटं समजलो होतो. हतबलता शिकावी लागत नाही, ताबा शिकावा लागतो. स्वतःची प्रसिद्ध चूक असं उघड लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला फार आदर वाटतो.

माणूस म्हणजे उंदीर नाही, आणि माणसाच्या मेंदूत इतकं बारीक कुणी शिरू शकत नाही. पण व्हाइटहॉलचे कारकून आणि प्रयोगशाळेतले उंदीर एकाच दिशेला बोट दाखवतात.

हे सगळं फोनवर अर्धा तास सांगून झालं आणि मी विद्यार्थ्याला विचारलं, "त्या पोराच्या मशीनवर असं न जोडलेलं चाक कुठलं?"

तो थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "ऑफसेट, सर."

सीएनसीवर बोअर, म्हणजे नगातलं गोल भोक, करताना इन्सर्ट, म्हणजे कापणारी धार, हळूहळू घासत जाते, तसा बोअर लहान होत जातो. ऑपरेटर दर काही नगांनंतर बोअर गेज लावून बघतो. डायलचा काटा एकेक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकताना त्याला डोळ्यांनी दिसतो. पॅनलवर ऑफसेटमध्ये एक आकडा बदलला की माप पुन्हा जागेवर येतं. पण तो आकडा बदलायची मुभा फक्त सेटरला, म्हणजे मशिनी लावून देणाऱ्याला, आणि पासवर्डही त्याच्याचकडं. सेटर एक, मशिनी आठ. पोरगं हाक मारतं, सेटर येईपर्यंत सायकल चालूच ठेवायची, कारण मशीन थांबलं तर प्रॉडक्शन कमी पडलं म्हणून बोलणी. चालू ठेवलं तर नग मापाबाहेर, आणि रिजेक्शन-रिवर्कच्या शीटवर नाव ऑपरेटरचं. शिवाय उद्या कुठली शिफ्ट, हे आदल्या रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर कळणार.

चूक होताना दिसते, ती दुरुस्त कशी करायची तेही कळतं, हात लावता येत नाही आणि दोष मात्र आपल्या माथी. प्रयोगातल्या दुसऱ्या उंदराची पेटी यापेक्षा वेगळी नव्हती.

हेच एकमेव कारण आहे, असं मी म्हणणार नाही. नैराश्याला आनुवंशिकता असते, घरची परिस्थिती असते, कर्ज असतं, शरीराचे आजार असतात. पण या सगळ्यांपैकी साहेबाच्या हातात काय आहे म्हटलं, तर हीच चाकं आहेत, आणि ती जोडायला फारसा खर्चही येत नाही. ऑपरेटरला ठरावीक मर्यादेत ऑफसेट बदलायची मुभा. माप सुटलं तर स्वतः मशीन थांबवायचा हक्क, आणि थांबवलं म्हणून बोलणी नाहीत. शिफ्टचं वेळापत्रक निदान आठवडाभर आधी. शिफ्ट फिरवायच्याच असतील तर फर्स्ट, सेकंड, थर्ड (सकाळ, दुपार, रात्र) अशा पुढं सरकणाऱ्या. माणसाचं शरीर-घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं असतं, त्यामुळं उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं.

आणि ते दोन तासांचं सेशन? ऐकायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ नोकरदारांची माहिती घेऊन ऑक्सफर्डच्या एका संशोधकानं २०२४ मध्ये तपासलं, की ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ध्यानाची अ‍ॅप, मन खंबीर करण्याची प्रशिक्षणं घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत काही फरक पडतो का. जवळपास पडत नव्हता. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारा संप्रेरक, 'धुऊन काढणारे' काढे आणि पावडरी आजकाल आपल्याकडंही विकतात. कॉर्टिसॉल हा विषारी पदार्थ नाही. सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात तो शरीरात मुद्दाम वाढतो, त्यावरच आपण कामाला लागतो. तो नसेल तर माणूस जगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल सूचना काढल्या. त्यातही कामाची रचना बदलण्याचा आणि साहेब लोकांनाच प्रशिक्षण देण्याचा आग्रह आहे. नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा त्यांचा अंदाज आहे.

राहिला त्या पोराशी बोलण्याचा प्रश्न. मी विद्यार्थ्याला सांगितलं, "तू डॉक्टर नाहीस, निदान करू नकोस. केबिनमध्ये बोलावू नको, तिथं त्याला मेमो मिळणार असंच वाटेल. चहाला बाहेर ने. जे दिसलंय तेवढंच बोल: डबा परत जातोय, गप्प असतोस. झोप लागते का विचार. आणि तो बोलायला लागला की तू गप्प बस. 'मन घट्ट कर' हे शब्द तोंडातून काढू नको." दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप, भूक आणि कामातली गोडी गेली असेल तर डॉक्टरकडं जायलाच हवं. सांगलीच्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याची भाषा कुणी केली तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि त्यानं जे सांगितलं ते सुपरवायझरलाही कळता कामा नये.

"आणि सर, ऑफसेट किती सोडू? वीस मायक्रॉन चालंल?"

ते तुझं तू ठरव, नाहीतर ऑपरेटरलाच विचार, म्हटलं.

दिवाळीनंतर त्याचा पुन्हा फोन आला. तीन मशिनींवर मुभा दिलीय, शेजारी रजिस्टर ठेवलंय. कुणी किती वाजता किती मायक्रॉन बदलला, ते ऑपरेटर स्वतः लिहितो. रिजेक्शनचा आकडा तो सांगत होता, मी ऐकून घेतला नाही. तीन आठवड्यांच्या आकड्यावरून काही ठरत नाही. पोराचं विचारलं. सिव्हिलमधून गोळ्या सुरू आहेत, डॉक्टरांनी म्हटलंय की फरक पडायला काही आठवडे जातील. शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बोर्डावर लागलं, तेव्हा तो स्वतःहून विद्यार्थ्याकडं आला होता. गुरुवारी सकाळी ओपीडी असते, त्या दिवशी सेकंड मिळंल का, एवढंच विचारायला.