जीटरची हवेतली फेक

बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप हा क्षेत्ररक्षक उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या ठाण्यांच्या, मध्ये. त्याची खरी कसोटी लागते ती उजवीकडे, तिसऱ्या बेसच्या अंगाने जमिनीलगत सुसाट आलेल्या चेंडूवर. न्यूयॉर्क यँकीजचा डेरेक जीटर अशा वेळी धावता धावता बॅकहँडने, म्हणजे ग्लव्हचा हात शरीरापलीकडे नेऊन, चेंडू उचलायचा, त्याच ओघात उडी मारायचा आणि हवेतच वळून पहिल्या बेसकडे फेकायचा. दिसायला शोभेची गोष्ट; मुळात हा वेळेचा हिशेब आहे.

होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, पहिला बेस २७.४३ मीटरवर. उजव्या हाताचा फलंदाज तिथे साधारण ४.३ सेकंदांत पोचतो. तिथे बेसवर पाय ठेवून उभ्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू त्याच्याआधी पोचला, तर फलंदाज बाद. या ४.३ सेकंदांतला दीड सेकंद चेंडू शॉर्टस्टॉपपर्यंत येण्यातच जातो. तिसऱ्या बेसकडच्या या कोपऱ्यातून पहिला बेस सुमारे ४० मीटर दूर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या फेकीलाही सव्वा सेकंदाच्या आसपास लागणार. उरला दीडेक सेकंद. सेकंदाला ५ मीटर वेगाने उलट्या दिशेला धावणाऱ्याने पाय रोवून थांबायचं म्हटलं, तर त्यातला अर्धा-पाऊण सेकंद थांबण्यातच संपतो आणि बेस आणखी मीटर-दोन मीटर लांब जातो. उडी मारणारा थांबतच नाही. त्याची किंमत मात्र चुकवावी लागते. शरीराचा मागे जाणारा वेग फेकीतून वजा होतो, त्यामुळे चेंडू दशांश-दीड दशांश सेकंद उशिरा पोचतो. तरी सौदा फायद्याचाच.

हवेत पायाखाली आधार नसताना जोर येतो कुठून? चेंडूचा धक्का नगण्य असतो. १४५ ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ३२ मीटर वेगाने सुटला, तर ८८ किलोचा जीटर त्या धक्क्याने सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर मागे सरकेल. खरी अडचण फिरण्याची आहे. एकदा जमीन सुटली की शरीराचा एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, बदलता येत नाही. धड आणि हात डावीकडे झपकन वळले, की कंबरेखालचा भाग उजवीकडे वळू पाहतो. म्हणून जमीन सोडतानाच थोडी गिरकी घ्यायची आणि हवेत पाय फाकवायचे. फाकलेले पाय सहज फिरत नाहीत, धडाला त्यांचाच टेकू मिळतो. एरवी पुढचा पाय रोवल्यावर जमिनीकडून मिळणारी ताकद इथे नसतेच. सगळी भिस्त धड, खांदा आणि मनगटावर.

फेक सुटायला हवी उडीच्या माथ्यावर. एक दशांश सेकंद उशीर झाला तर शरीर सेकंदाला १ मीटर वेगाने खाली येत असतं. तोच वेग चेंडूला लागतो आणि बेसपाशी तो सव्वा मीटर खाली उतरतो, म्हणजे बहुधा आधीच टप्पा खातो. धावण्याची आणि फेकीची दिशा नेमकी उलट नसली, तर चेंडू बाजूलाही वाहवतो आणि पहिल्या बेसवाल्याला बेस सोडावा लागतो.

जीटरला उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले, पण आकडेवारीवाल्यांनी त्याच्या क्षेत्ररक्षणाला सातत्याने कमी गुण दिले. माझ्या मते आकडेवारीवाल्यांची बाजू सरस आहे. पहिलं पाऊल ०.२ सेकंद उशिरा पडलं, तर पोच मीटरभराने कमी होते. काही चेंडू मग शेवटच्या क्षणी, उडी मारूनच निभावतात, आणि काही ग्लव्हच्या बोटभर पलीकडून निघून जातात. अशा चेंडूची नोंद फलंदाजाचा हिट, म्हणजे यशस्वी फटका, म्हणून होते. शॉर्टस्टॉपच्या नावावर एररसुद्धा, म्हणजे क्षेत्ररक्षणातली चूकसुद्धा, लागत नाही.