ग्रह आणि बटुग्रह: प्लूटोच्या वादात नेमकं काय गोंधळतं?

प्लूटोला ग्रहांच्या यादीतून का काढलं, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: तो फार लहान आहे म्हणून. मुलंही हेच सांगतात आणि त्यांचे आईवडीलही. पण ग्रह आणि बटुग्रह यांच्या व्याख्येत आकारमानाचा एकही आकडा नाही. अमुक किलोमीटरच्या वर ग्रह आणि त्याच्या खाली बटुग्रह, अशी रेघ कुणी आखलेलीच नाही. हे एकदा नीट कळलं की प्लूटोवरून गेली वीसेक वर्षं चाललेला वाद वेगळाच दिसायला लागतो.

व्याख्या ठरली २४ ऑगस्ट २००६ रोजी, प्रागमध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या महासभेत. ग्रहासाठी तीन अटी आहेत. तो सूर्याभोवती फिरला पाहिजे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याला जवळपास गोल आकार आलेला असला पाहिजे आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असला पाहिजे. बटुग्रह पहिल्या दोन अटी पूर्ण करतो, तिसरीत नापास होतो. शिवाय तो कुणाचा उपग्रह असून चालत नाही. म्हणजे सगळा फरक त्या एका तिसऱ्या अटीत आहे, आणि गैरसमजही तिच्याबद्दलच सर्वांत जास्त आहेत.

परिसर साफ म्हणजे तिथे एकही दगड उरलेला नाही, असा अर्थ नव्हे. पृथ्वीची कक्षा ओलांडणारे लघुग्रह हजारोंनी आहेत. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढेमागे चालणाऱ्या लघुग्रहांचे तर थवेच आहेत. ‘मग गुरूही ग्रह नाही का?’ हा प्रश्न म्हणूनच नेहमी विचारला जातो. पण ते थवे गुरूच्याच गुरुत्वाकर्षणाने जागेवर धरून ठेवले आहेत. इथे बघायचं असतं ते हे, की त्या पट्ट्यात हुकूमत कुणाची. स्टीव्हन सोटर या खगोलशास्त्रज्ञाने याचा साधा हिशोब मांडला: वस्तूचं वस्तुमान भागिले तिच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्या वस्तूंचं मिळून वस्तुमान. पृथ्वीसाठी उत्तर येतं सुमारे १७ लाख. प्लूटोसाठी येतं ०.०७ च्या आसपास. आठही ग्रह या हिशोबात हजारोंच्या पुढे आहेत, तर प्लूटो आणि त्याच्यासारखेच बटुग्रह सेरेस, एरिस एकाच्याही खाली. मधली जागा पूर्ण रिकामी आहे. माझ्या मते या व्याख्येची खरी ताकद इथेच आहे, कारण ही दरी माणसांनी मतदानाने पाडलेली नाही.

‘प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो, मग नेपच्यूनने तरी परिसर कुठे साफ केलाय?’ हाही प्रश्न रास्त वाटतो. १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो खरोखरच नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. पण नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन होतात. हे प्रमाण नेपच्यूनच्या ओढीनेच टिकून आहे, आणि त्यामुळेच दोघं कधी एकमेकांजवळ येत नाहीत. नेपच्यूनच्या हुकुमतीचा पुरावा म्हणून दाखवायला प्लूटोच पुरेसा आहे.

आता आकाराकडे. प्लूटोचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर, आपल्या चंद्राचा ३,४७४. प्लूटो चंद्रापेक्षा लहान आहे हे खरंच. पण गुरूचा उपग्रह गॅनिमीड बुधापेक्षाही मोठा आहे, तरी तो ग्रह नाही आणि बुध आहे. तेव्हा आकाराचा निकष लावून या यादीचा मेळ बसतच नाही.

आणखी एक जोडी लोक हमखास एक समजतात: बटुग्रह आणि लघुग्रह. तिथे फरक गोलाईचा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातली लाखो खडकाळ ढेकळं लघुग्रह आहेत. त्यांतला एकटा सेरेस, व्यास सुमारे ९४० किलोमीटर, स्वतःच्या वजनाने गोल झालेला असल्यामुळे बटुग्रहही आहे.

सेरेसची गोष्ट प्लूटोप्रेमींनी जरूर वाचावी. ज्युसेप्पे पियात्सीने तो १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून शोधला आणि पुढची कित्येक दशकं पुस्तकांत तो ग्रह म्हणून छापला जात होता. त्याच्यामागोमाग पॅलस, जूनो, व्हेस्टा सापडले, १८४५ नंतर तर रांगच लागली, आणि मग ही सगळी मंडळी हळूहळू ग्रहांच्या यादीतून बाहेर गेली. प्लूटोचं अगदी हेच झालं. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉने अ‍ॅरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत तो शोधला तेव्हा तो तिथे एकटाच वाटत होता. १९९२ पासून त्याच्या शेजारची बर्फाळ वस्ती दिसू लागली आणि २००५ मध्ये एरिस सापडला, वस्तुमानाने प्लूटोपेक्षा सुमारे सव्वापट. एरिसला दहावा ग्रह म्हणा नाहीतर प्लूटोला नववा म्हणणं सोडा, दोनच वाटा उरल्या.

सेरेससाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही. प्लूटोसाठी उतरले, आणि तेही प्रागच्या आधीपासून. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाच्या नव्या इमारतीत २००० साली प्लूटोला ग्रहांच्या रांगेत जागा दिली नव्हती, तर संचालक नील डीग्रास टायसन यांना शाळकरी मुलांची रागावलेली पत्रं येऊ लागली. २००७ मध्ये न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने प्लूटोला ग्रह मानणारा ठराव केला, टॉम्बॉ तिथेच राहायचे म्हणून. २००९ मध्ये त्यांच्या जन्मराज्याच्या, इलिनॉयच्या, सिनेटने तसाच ठराव केला. २०२४ मध्ये अ‍ॅरिझोनाने प्लूटोला कायद्याने राज्याचा अधिकृत ग्रह केलं. हार्वर्डमध्ये २०१४ साली तीन तज्ज्ञांनी श्रोत्यांपुढे आपापली बाजू मांडली आणि श्रोत्यांनी कौल दिला तो प्लूटोला ग्रह मानणाऱ्या व्याख्येला.

याला नुसती भावनिकता म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण प्रागनंतर काही दिवसांतच ३०० हून अधिक शास्त्रज्ञांनीही ती व्याख्या वापरणार नाही असं लिहून दिलं. यांत बरेच जण ग्रहांची माती, बर्फ, वातावरण अभ्यासणारे. ते कक्षा बघत नाहीत, वस्तू बघतात. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं तेव्हा त्यांना काय दिसलं? पाण्याच्या बर्फाचे साडेतीन हजार मीटरपर्यंत उंच डोंगर. त्यांच्या पायथ्याशी नायट्रोजनच्या बर्फाचं अफाट मैदान, आतल्या उष्णतेने हळूहळू ढवळलं जाणारं, पृष्ठभागावर बहुकोनी चौकटी उमटलेलं, आणि त्यावर उल्कापाताचं जवळजवळ एकही विवर नाही. म्हणजे ती जमीन ताजी आहे. वर निळसर धुक्याचे थर. असलं जिवंत भूशास्त्र समोर असताना ‘हा ग्रह नव्हे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही, आणि मला ते पटतं.

मात्र त्यांचा निकष लावला, गोल आहे आणि तारा नाही एवढंच पाहिलं, तर ग्रहांची संख्या शंभराच्या वर जाते. त्यात आपला चंद्रही येतो. आपल्या नवग्रहांत चंद्र पहिल्यापासून आहे, पण तिथे सूर्य आणि राहू-केतूही आहेत. तो हिशोबच निराळा. पारंपरिक पत्रिकेत प्लूटो कधी नव्हताच, त्यामुळे २००६ मध्ये तिथे काही हललं नाही.

दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं, कारण प्रश्नच दोन आहेत: ही वस्तू कशी घडली आहे, आणि आपल्या परिसरात तिचं स्थान काय. प्रागमध्ये दोन्हींना सामावून घेणारा प्रस्ताव आला होता. आठ ग्रहांना ‘अभिजात ग्रह’ म्हणायचं, म्हणजे बटुग्रह हाही ग्रहाचाच एक प्रकार ठरला असता. पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ-स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या जोसलिन बेल बर्नेल यांनी तो सभागृहाला समजावून सांगितला. निळा फुगा म्हणजे आठ ग्रह, कार्टूनमधला कापडी प्लूटो कुत्रा म्हणजे बटुग्रह, आणि दोघांवर धरलेली उघडी छत्री म्हणजे ‘ग्रह’. प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. संघाचे सभासद तेव्हा ९,००० च्या आसपास होते, शेवटच्या दिवशी मतदानाला उरलेले साधारण ४००. तो प्रस्ताव मंजूर व्हायला हवा होता. आठांचं वेगळेपण त्यात शाबूत राहत होतं आणि ‘बटुग्रह आहे, पण ग्रह नाही’ हे कुणालाच धड समजावता न येणारं वाक्य टळत होतं.

व्याख्येत दुसरी उणीवही आहे. ती फक्त आपल्या सूर्याबद्दल बोलते. दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेले हजारो ग्रह तिच्यात बसतच नाहीत, आणि त्यांचा परिसर साफ आहे का हे इतक्या दुरून पाहताही येत नाही. म्हणून २०२४ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी वस्तुमानाची खालची मर्यादा सुचवली. त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट वजन बुधाचं भरतं, तो सहज आत येतो. प्लूटो मात्र तिच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाइतका आहे. म्हणजे ही सूचना कधी मान्य झालीच, तर ‘तो लहान आहे म्हणून’ हे उत्तर तेव्हा कुठे खरं ठरेल.