पार्श्वभूमी : ‘डॉकएक्स’ला मानकाचा शिक्का कसा मिळाला

जुन्या सीडीवरची मराठी फाइल उघडावी आणि पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसावीत, हा अनुभव नव्वदच्या दशकात मराठी टाइप करणाऱ्या अनेकांनी घेतला आहे. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. त्यामुळे फाइल कोणत्या रचनेत साठवायची, हा प्रश्न मला कधीच रुक्ष वाटला नाही. आपलं लिखाण वीस वर्षांनी वाचता येईल का, हे त्यावर ठरतं. २००७-०८ मध्ये याच प्रश्नावर, मायक्रोसॉफ्ट वर्डच्या ‘डॉकएक्स’ या फाइल-रचनेला आंतरराष्ट्रीय मानक करावं का यावर, देशोदेशी मतदान झालं.

२००६ मध्ये ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ ही फाइल साठवण्याची खुली रचना, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झालं. ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नव्हतं. त्याआधीच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कागदपत्रांसाठी खुल्या रचनेचा आग्रह धरला होता. सरकारं अशी अट घालू लागली तर ऑफिसची बाजारपेठ धोक्यात येणार, हे मायक्रोसॉफ्टनं ओळखलं. तिनं आपली रचना (‘डॉकएक्स’ तिचाच भाग) एक्मा या मानक संस्थेकडून डिसेंबर २००६ मध्ये मंजूर करून घेतली आणि ती ‘फास्ट ट्रॅक’नं, म्हणजे झटपट मंजुरीच्या मार्गानं, आयएसओकडे गेली. सहा हजारांहून जास्त पानं, आणि तपासायला पाच महिने.

त्या पानांत काय होतं याचा एक नमुना पाहा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमनं ते तसं धरलं होतं, आणि त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलनंही ती चूक उचलली होती. आता तीच चूक आंतरराष्ट्रीय मानकात येऊ घातली होती.

आयएसओमध्ये एका देशाला एक मत. मंजुरीसाठी सहभागी सदस्य देशांची (म्हणजे त्या विषयाच्या कामात भाग घ्यायला नाव नोंदवलेल्या देशांची) दोन तृतीयांश मतं लागतात, आणि एकूण मतांत नकार एक चतुर्थांशाहून जास्त चालत नाही. तटस्थांची मतं मोजली जात नाहीत. ऐकायला हे चोख वाटतं. पण देशाचं मत ठरतं ते त्या देशाच्या मानक संस्थेच्या समितीत, आणि अनेक देशांत त्या समितीचं दार शुल्क भरणाऱ्या कुणालाही उघडं असतं. सगळी मेख इथेच आहे.

स्वीडनमध्ये ऑगस्ट २००७ च्या बैठकीत ऐन वेळी वीसहून अधिक नव्या कंपन्या येऊन बसल्या. बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या भागीदार. निकाल लागला २५ विरुद्ध ६, तिघे तटस्थ. मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्यानं भागीदारांना मदतीचं आमिष दाखवणारा ईमेल पाठवल्याचं पुढे उघड झालं. ती त्या कर्मचाऱ्याची चूक होती, असं कंपनीनं सांगितलं. एका सभासदानं दोनदा मत दिल्याच्या कारणावरून ते मतदान रद्द झालं आणि स्वीडनचं मत गेलंच नाही. त्याच सुमारास माल्टा, सायप्रस, जमैका, आयव्हरी कोस्टसारखे देश अचानक सहभागी सदस्य झाले.

एवढं होऊनही सप्टेंबर २००७ मध्ये प्रस्ताव पडला. सहभागी देशांपैकी ३२ मतांत होकार १७. पण दुरुस्त्यांवर चर्चा झाल्यावर देशांना आपलं मत बदलता येणार होतं.

दुसरी बाजूही साधुसंतांची नव्हती. आयबीएम आणि सन या संगणक कंपन्यांचा धंदा ओडीएफशी जोडलेला होता, आणि त्यांनीही जोर लावला. पण समित्या ऐन वेळी भरल्याचा जो ठपका स्वीडनमध्ये बसला, तो मला वेगळ्या जातीचा वाटतो.

भारताच्या समितीनं आधी नकार दिला होता. २० मार्च २००८ ला ती पुन्हा बसली. देशातल्या काही बड्या सॉफ्टवेअर कंपन्या होकाराच्या बाजूनं होत्या, तरी १३ विरुद्ध ५ मतांनी नकार कायम राहिला. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

त्याआधी फेब्रुवारीत जिनिव्हाला या प्रस्तावातल्या दुरुस्त्यांसाठी पाच दिवसांची बैठक झाली होती. हजारावर दुरुस्त्या होत्या. एकेक बोलून उरकणं अशक्य होतं, म्हणून बहुतेकींवर चर्चेविनाच एकगठ्ठा मतं घेतली गेली. नॉर्वेत तर समितीतले बहुसंख्य विरोधात असताना संस्थेच्या प्रशासनानं होकार कळवला. एप्रिलमध्ये ऑस्लोच्या रस्त्यावर लोक फलक घेऊन उतरले. फाइलच्या रचनेसाठी मोर्चा! त्याच वर्षी पुढे नॉर्वेच्या समितीतले २३ पैकी १३ जण राजीनामा देऊन बाहेर पडले.

२ एप्रिल २००८ ला निकाल जाहीर झाला : ३२ पैकी २४ होकार, प्रस्ताव मंजूर. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं. ऑगस्टमध्ये ते फेटाळलं गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये आयएसओ २९५०० प्रसिद्ध झालं.

मतं वळवण्यासाठी त्या मानकाचे दोन भाग केले होते : नव्यानं वापरायचा ‘स्ट्रिक्ट’, आणि जुन्या फाइलींपुरता ‘ट्रान्झिशनल’. ऑफिस २०१० आलं तेव्हा त्यात स्ट्रिक्ट लिहिण्याची सोयच नव्हती, आणि जिनिव्हाची बैठक चालवणाऱ्या अ‍ॅलेक्स ब्राउन यांनीच त्यावर जाहीर टीका केली. ती सोय २०१३ च्या आवृत्तीत आली, पण निवडावी लागते. आज वर्डमध्ये काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबलं, तर फाइल ट्रान्झिशनलमध्येच साठते.