गेलेला माणूस सर्व्हरला दिसत नाही

"आत्ता साइटवर किती लोक आहेत?" गोरेगावच्या ऑफिसात रात्रपाळीला सर्व्हर सांभाळताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. समोरच्या पडद्यावर 'ॲक्टिव्ह सेशन्स' असा आकडा असतो, तो मी वाचून दाखवायचे. तो माणसांचा आकडा नाही, हे कळायला मला बरेच महिने लागले.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला मुळात स्मरणशक्तीच नाही. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने दिलं, व्यवहार संपला. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी. यावर १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकीचा उपाय काढला. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखाच हा मामला आहे. सर्व्हर तुमच्यासाठी एक कप्पा उघडतो, ते सेशन. कप्प्याचा बिल्ला तुमच्या ब्राउझरकडे देतो, ती कुकी. पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर बिल्ला दाखवतो आणि सर्व्हर तुमचा कप्पा शोधून काढतो.

आता एखादा भाविक दर्शन घेऊन दुसऱ्याच दाराने अनवाणी निघून गेला तर? स्टँडवाल्याला ते कळणार कसं? कप्पा भरलेलाच राहतो. सर्व्हरचं अगदी तेच होतं. लॉगआउटचं बटण फार थोडे लोक दाबतात. बाकीचे टॅब बंद करतात, फोन खिशात टाकतात, आणि यातलं काहीही सर्व्हरपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्याला फक्त शांतता ऐकू येते. ती किती वेळ लांबली म्हणजे माणूस गेला असं धरायचं, हे आपणच ठरवून द्यायचं. टॉमकॅट हा सर्व्हर, वेगळं काही सांगितलं नाही तर, ३० मिनिटं वाट पाहतो. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं उलटली की सेशन पुसायला मोकळं होतं.

या वाट पाहण्याची किंमत मोजायला एक सुंदर नियम आहे. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी तो सिद्ध केला. दादरच्या पुलावर सेकंदाला सरासरी २० माणसं चढत असतील आणि प्रत्येकाला पूल ओलांडायला १०० सेकंद लागत असतील, तर कोणत्याही क्षणी पुलावर सरासरी २००० माणसं असणार. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, इतकंच. गर्दी एकसारखी येत-जात असेल, तर माणसं कोण, कशी चालतात, याने काही फरक पडत नाही.

हाच हिशोब सेशनला लावू. सेकंदाला १० लोक येतात, प्रत्येकजण ५ मिनिटं काम करून निघून जातो. खरी माणसं झाली ३०००. पण प्रत्येक कप्पा नंतर आणखी ३० मिनिटं अडून राहतो, म्हणून पडद्यावर दिसतात २१,०००. त्यातले १८,००० केव्हाच घरी गेलेले! एकेका कप्प्यात ५० केबी माहिती धरली, तरी सुमारे ९०० एमबी मेमरी निघून गेलेल्या लोकांसाठी राखून ठेवलेली असते.

एकदा पहाटे तीनला, साइटवर चिटपाखरू नसताना, माझ्यासमोर ७२० सेशन्स होती. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, तरी ७२०च. माणसांची गर्दी अशी पट्टीने आखल्यासारखी कधीच नसते. मी नियम उलटा लावला. ७२० भागिले १८०० सेकंद, म्हणजे दर अडीच सेकंदाला एक नवं सेशन. आमच्याकडे दोन लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी कामं सर्व्हरमध्ये वाटून देणारी यंत्रं, होते, आणि सर्व्हर जिवंत आहे ना हे बघायला प्रत्येकजण दर ५ सेकंदांनी एक पान उघडत होता. त्या यंत्रांना बिल्ला जपून ठेवणं ठाऊकच नाही, त्यामुळे दर खेपेला नवा कप्पा. ते पान जेएसपीचं, म्हणजे मागणी आली की सर्व्हर जावा भाषेतल्या कोडने तयार करतो तसलं, होतं, आणि जेएसपी पान, मनाई केली नाही तर, येईल त्याच्यासाठी सेशन उघडतं. मनाईची एक ओळ लिहिली. अर्ध्या तासात सेशन्सच्या आकड्याची रेष एकसारखी उतरत शून्याला टेकली. तो अर्धा तास मी खुर्चीतून हलले नाही. साठ वर्षांपूर्वी कागदावर मांडलेला नियम डोळ्यांसमोर खरा होताना बघणं हा या कामातला माझा सगळ्यात मोठा आनंद आहे.

मग वाट पाहण्याची मुदतच कमी का करू नये? कारण भुयारी मेट्रोत रेंज गेलेली मुलगी आणि टॅब बंद करून गेलेली मुलगी, दोघींची शांतता सर्व्हरला सारखीच ऐकू येते. पानातून दर मिनिटाला 'मी आहे' असा निरोप पाठवता येतो, पण उघड्या टॅबसमोर कोणीच बसलेलं नसलं तरी तो जातच राहतो.

आमच्या चाळीखालच्या झेरॉक्सच्या दुकानात जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म भरायला रांग लागते. एकच कॉम्प्युटर, एकच ब्राउझर. आधीचा मुलगा लॉगआउट न करता उठला, तर त्याचा बिल्ला तिथेच राहतो आणि पुढच्या मुलीसमोर त्याचे मार्क, पत्ता, सगळं उघडतं. इथे ३० मिनिटं फार झाली. पण त्याच रांगेतली एखादी आई जातीच्या दाखल्याचा नंबर शोधायला घरी गेली, तर तिला १० मिनिटंही पुरत नाहीत, आणि परत येऊन सगळं पहिल्यापासून भरणं किती जिवावर येतं, ते मी पाहिलं आहे.

म्हणून मी सेशन आणि फॉर्म यांची फारकत करण्याच्या बाजूची आहे. सेशन १० मिनिटांत संपू दे, संपण्याआधी इशारा मिळू दे, आणि भरलेला मजकूर खात्यात जपून ठेवावा, म्हणजे पुन्हा लॉगिन केल्यावर तो जसाच्या तसा समोर येईल.

पडद्यावर आता मी दोन रेषा ठेवते. एक जिवंत सेशन्सची, दुसरी गेल्या मिनिटाभरात ज्यांच्याकडून काहीतरी हालचाल झाली त्या सेशन्सची. "किती लोक आहेत?" असं कोणी विचारलं, की दोन्ही आकडे सांगते.