परिच्छेदाचे पहिले वाक्य: एका नियमाची पार्श्वभूमी

सुबोध परिच्छेद कसा लिहावा, याविषयीचे बहुतेक मार्गदर्शन आज एकाच नियमाभोवती फिरते: पहिल्या वाक्यात मुद्दा मांडावा, पुढच्या वाक्यांत तो उलगडावा आणि मध्येच दुसरा मुद्दा शिरू देऊ नये. हा नियम लेखनकलेइतकाच जुना असावा असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात लेखी नियम म्हणून त्याला रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

परिच्छेदाची खूण मात्र पुष्कळच जुनी आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत दोन शब्दांमध्येही जागा सोडत नसत. तिथे विषय किंवा बोलणारे पात्र बदलले की समासाकडे ओळीच्या आरंभाखाली एक आखूड आडवी रेघ ओढली जाई. मध्ययुगीन युरोपात बहुधा लाल शाईने काढलेले चिन्ह हे काम करू लागले. छपाई आल्यावर हे चिन्ह हाताने भरण्यासाठी सोडलेली जागा अनेकदा कोरीच राहिली आणि पहिली ओळ थोडी आत सरकवण्याची रीत त्यातून रुळली, असे सामान्यतः मानले जाते. ही खूण वाचणाऱ्याच्या सोयीसाठी होती. आतल्या वाक्यांचा क्रम कसा असावा, हे ती सांगत नव्हती.

तो प्रश्न १८६६ साली ठळकपणे पुढे आला. स्कॉटलंडमधील तर्कशास्त्राच्या एका प्राध्यापकाने इंग्रजी लेखनावरील आपल्या पाठ्यपुस्तकात परिच्छेदाचे नियम सलग मांडले. वाक्यांमधील दुवे स्पष्ट असावेत, समान विचारांची रचना समान असावी, परिच्छेदात एकसूत्रता असावी, असे हे नियम होते. पहिल्या वाक्याबद्दलचा नियम सांगतानाच त्यांनी एक सवलतही ठेवली होती: ते वाक्य उघडपणे केवळ प्रास्ताविक नसेल, तर त्याने विषय ठळकपणे सूचित करावा. पुढच्या पाठ्यपुस्तकांत नियम टिकला आणि सवलत हळूहळू गळून पडली. आजच्या बऱ्याचशा गोंधळाचे मूळ इथेच आहे.

अमेरिकी विद्यापीठांत निबंधलेखन सक्तीचे होत गेले तसा या नियमाला नवाच आधार मिळाला. वर्ग मोठे, निबंधांचे गठ्ठे त्याहून मोठे, आणि तपासणारे मोजके, अशा स्थितीत संपूर्ण निबंधापेक्षा एकेक परिच्छेद लिहून घेणे शिक्षकांना सोयीचे होते. त्यात पहिले वाक्य विषय सांगणारे असले की तपासणी आणखी झटपट होई. १८९०च्या दशकात तर केवळ परिच्छेदलेखनाला वाहिलेली पाठ्यपुस्तके निघाली. नियमाच्या लोकप्रियतेत शिक्षकांच्या या निकडीचा वाटा नेहमी सांगितला जातो त्यापेक्षा मोठा असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वाद कुठे आहे, हे एका छोट्या परिच्छेदावरून दिसेल. ‘लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पूर्ण कोरड्या हवेत ठेवलेला खिळा गंजत नाही. पाणी उकळून त्यातली हवा घालवली आणि वर तेलाचा थर दिला, तर त्यात बुडालेला खिळाही गंजत नाही. अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत असलेला खिळा मात्र काही दिवसांत तांबूस होतो.’ यातले पहिले वाक्य शेवटी नेले, तर वाचक तिन्ही प्रयोग पाहून निष्कर्षापर्यंत पोहोचतो. ते काढूनच टाकले, तरी परिच्छेद विस्कळीत होत नाही. फक्त निष्कर्ष वाचकाला स्वतः काढावा लागतो. परंतु ‘खिळे निरनिराळ्या लांबीचे मिळतात’ हे वाक्य कुठेही घातले, तरी परिच्छेद फुटतो. म्हणजे एकसूत्रता ही परिच्छेदाची खरी गरज आहे. विषयवाक्याची जागा हा त्यानंतरचा, हेतूवर अवलंबून असलेला निर्णय आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील काही अभ्यासकांनी याच दिशेने आक्षेप घेतले. हे नियम प्रत्यक्ष लेखन पाहून नव्हे, तर वाक्याच्या तर्कावरून बेतलेले आहेत, असे त्यांतील एकाचे म्हणणे होते; त्यावरही प्रतिवाद झाला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकी नियतकालिकांतील २५ निबंध तपासले गेले, तेव्हा जेमतेम १३ टक्के परिच्छेदांचा आरंभ विषयवाक्याने झालेला आढळला. नियमाच्या समर्थकांनी यावर दिलेले उत्तरही दुर्लक्षिण्यासारखे नाही. मुरलेल्या निबंधकाराचे ललित गद्य आणि माहिती देणारा अहवाल यांच्या वाचकांची गरज एक नसते, आणि अपरिचित विषयावरील मजकुरात मुद्दा आरंभी आला, तर तो ओळखणे वाचकाला सोपे जाते.

गेल्या तीन दशकांत पडद्यावरच्या वाचनाने या वादाची जमीनच बदलली. अरुंद पडद्यावर पाच-सहा वाक्यांचाही परिच्छेद भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून वृत्तपत्रांच्या अरुंद स्तंभांत पूर्वीपासून असलेली तोकड्या परिच्छेदांची सवय सर्वत्र पसरली. आता एकेका वाक्याचा परिच्छेद सर्रास दिसतो. तिथे पहिले वाक्य कोणते हा प्रश्नच उरत नाही. मात्र एकच मुद्दा तीन-चार तुकड्यांत विखुरतो आणि त्यांना जोडणारे ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘त्यामुळे’ हे शब्द प्रत्येक मोकळ्या ओळीबरोबर गळत जातात. १८६६ च्या नियमांपैकी दुव्यांविषयीच्या नियमाकडे आजवर सर्वांत कमी लक्ष गेले. लिहिणाऱ्यांचे आज सर्वाधिक अडते ते नेमके तिथेच.