३०२ चे १०३ झाले तेव्हा

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० च्या दंड संहितेतले खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ झाले, ४२० गेले ३१८ मध्ये. जुन्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू असल्याने ठाण्याच्या कोर्टात दोन्ही पुस्तके लागतात. आकडे घोकून पास झालेल्यांची पंचाईत झाली. खून आणि सदोष मनुष्यवध (जीव घेण्याचाच गुन्हा, पण खुनाइतका गंभीर न धरलेला) यांतला फरक ज्यांना उमगला होता, त्यांना फक्त नवा आकडा शिकायचा होता.

ही घोकंपट्टी आली कुठून? मुंबईत १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले, त्यातूनच शासकीय विधी महाविद्यालय उभे राहिले. प्राध्यापकाने सांगायचे, विद्यार्थ्याने उतरवून घ्यायचे, ही रीत पुढे कायद्याच्या वर्गांत मुरली. तिकडे अमेरिकेत हार्वर्डच्या विधी विद्यालयात १८७० पासून अधिष्ठाता लँगडेल यांनी वेगळाच पायंडा पाडला: निकालपत्र घरून वाचून यायचे आणि वर्गात प्रश्नांना तोंड द्यायचे. न्यायाधीश या निष्कर्षाला का पोचले? एक तथ्य बदलले तर निकाल टिकेल का?

आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने शिक्षणाचा दर्जा राखण्याचे काम बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, दिले. खरी हालचाल दिसली ती ऐंशीच्या दशकात: पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला, आणि कायद्याचे प्राध्यापक माधव मेनन यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात निकालांवरची चर्चा वर्गाच्या केंद्रस्थानी आणली. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मूट कोर्ट (सरावासाठी लढवलेला लुटुपुटूचा खटला), मसुदालेखन, व्यावसायिक नीती आणि पर्यायी वाद निराकरण (कोर्टाबाहेर तंटा मिटवणे) हे विषय सर्वांना सक्तीचे केले. तरतूद चांगलीच आहे. पण लिहून आणलेला युक्तिवाद वाचून दाखवला आणि खंडपीठाने एकही प्रश्न विचारला नाही, तर त्या मूटचा उपयोग काय?

असे प्रश्न विचारायला भारी साधने लागत नाहीत. ठाणे-वाशी लोकलने येणाऱ्या मुलांना एवढेच विचारावे: गाडीच्या दारातल्या भांडणात एकाने दुसऱ्याला ढकलले, तो रुळांवर पडून मेला. हा खून का? गाडी फलाटावर उभी असती तर? ढकलणाऱ्याला ती चालती आहे हे माहीत नसते तर? मग कलम उघडायला सांगावे आणि प्रत्येकाला आपली बाजू मांडून झाल्यावर समोरच्याची बाजू लढवायला लावावी.