सोप्यातली समोरची भिंत

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात सोप्याची, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीची, भिंत यंदा पुन्हा उकलली. टीव्हीच्या मागं गवंड्यानं छन्नी ठोकून कान लावला आणि म्हणाला, "मालक, हितं पोकळ वाजतंय." गिलावा पाडला तर आत बुजवलेला कोनाडा. विटांचे तुकडे आणि चिखल कोंबलेला. वरच्या कमानीला रॉकेलच्या चिमणीची, म्हणजे दिव्याची, काजळी अजून जशीच्या तशी होती. बोट काळं झालं.

आता या भिंतीचं करायचं काय, यावरनं घरात दोन तट पडलेत. मला हा कोनाडाच ठेवायचाय, पुतणीला मोबाईलवर बघितलेली फायरप्लेसची भिंत पाहिजे, खाली एलईडीची खोटी आग आणि वर टीव्ही. कोल्हापूरची थंडी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शेकोटीत भागते. घरातली आग चुलीत, म्हणजे पार आतल्या अंगाला. सोप्यात ती कधी नव्हतीच. पण विलायतेतल्या त्या भिंतीची हकिकत ऐकली की ती आपल्यातलीच वाटते. तिथं सगळी बैठक आगीकडं तोंड करून मांडलेली असायची. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं पाच दिवस बसून राहिलं, हजारो माणसं दगावली, आणि १९५६ ला स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढं घरं गॅसवर आणि गरम पाण्याच्या नळ्यांवर तापू लागली, तशी कितीतरी घरांनी त्या आगीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या. नंतरच्या पिढीनं त्याच फळ्या हौसेनं उचकटल्या.

आपल्याकडं हे कोनाड्याच्या वाट्याला आलं. पेठेतली जुनी घरं खाली काळ्या दगडाची, वर भेंड्याची, म्हणजे कच्च्या विटेची. भिंत दीड-दोन हात जाड. छताचं वजन पेलायला तेवढी लागायचीच, आणि त्याच जाडीत कोनाडे, देवळ्या, फडताळं बसायची. कपाटाचा खर्च नाही. कोनाड्यात चिमणी, खुंटीला पटका, आणि दिवाळीच्या तोंडावर चुन्यात चिमूटभर नीळ घालून एक हात मारला की भिंत नवी. परवा पडलेला एक पोपडा मी उजेडात धरला. कडेला पापडासारखे चुन्याचे थर दिसत होते. अठरापर्यंत मोजले, मग नाद सोडला.

भिंतीला शोभा आणली ती तसबिरींनी. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांतही येऊन बसल्या. कोल्हापुरात त्यांच्या शेजारी शाहू महाराज. या तसबिरी आढ्याजवळ, पुढं झुकवून टांगायचे. जमिनीवर बसलेल्याला मान वर केली की चेहरा दिसला पाहिजे.

वीज आली आणि चिमणीची गरज संपली. तिच्यामागोमाग कोनाडाही गेला. आमच्या आजोबांनी तो बुजवून वर सिमेंटचा गिलावा आणि पोपटी ऑइलपेंट मारला. त्या काळात सिमेंट म्हणजे प्रतिष्ठा! पण मातीची भिंत श्वास घेते, जमिनीतली ओल हळूहळू बाहेर टाकते. सिमेंटनं तिची वाट अडवली. चार-पाच वर्षांत हातभर उंचीपर्यंत लोणा लागला, म्हणजे ओलीबरोबर खार वर येऊन गिलावा सुटू लागला. दर उन्हाळ्यात खरवडायचं, पावसाळ्यात परत फुगायचं. माझ्या मते या घरात झालेली सगळ्यात मोठी चूक हीच, पण आजोबांसमोर बोलणार कोण?

१९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' लागलं, आणि रविवारी सकाळी सोपा गल्लीच्या मालकीचा झाला. जुन्या टीव्हीची चित्रनळी मागं हातभर लांब, म्हणून त्याला खोल पेटी लागायची. मग पेटीच्या आजूबाजूला प्लायवूड, सनमायका आणि सरकत्या काचांचं शोकेस चढलं. तालमीशी नातं असलेल्या घरात त्यात गदा आणि ढाली; आमच्यात प्लॅस्टिकची द्राक्षं. टीव्ही चपटा झाल्यावर पेटीचा हा खोलपणा फुकट गेला, तरी शोकेस काढायचा धीर कुणाला झाला नाही.

ते काम पंचगंगेनं केलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. आमच्या सोप्यात गुडघाभर. पाणी ओसरल्यावर शोकेस वहीसारखं उलगडलं होतं, सनमायका एकीकडं, प्लाय दुसरीकडं. खालचा काळा दगड धुऊन मोकळा झाला. २०२१ ला परत पाणी आलं, तोवर आम्ही प्लग छातीइतके वर घेतले होते.

आता इंटिरियरवाले सांगतात, भिंतीत 'निश', म्हणजे कोनाडाच, करा, आत पिवळा लाईट सोडा. फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीत कोरायला जागा नसते, म्हणून तिथं आधी भिंत पुढं आणायची आणि मग तिच्यात खड्डा ठेवायचा, असा उपद्व्याप करतात. आमच्याकडं खड्डा आयता निघाला. फक्त तो मधोमध नाही, दाराकडं सरकलेला आहे, अंधारात आल्या आल्या चिमणीवर हात पडावा म्हणून. त्यामुळं टीव्ही डावीकडं सव्वा फूट हलवावा लागतोय. सुतारानं माप घेतलंय, गवंडी चुन्याचा गिलावा करायला तयार आहे, आणि पुतणी अजून फुगलेली आहे.